गेरूची चार घरं

धुरपताबाईंना पोरींना फुलं शिकवायची हौस कुठून लागली, हे चिखलटोल्यात शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. गावाचं म्हणणं साधं होतं. पोरीला सही करता आली, आलेलं कार्ड वाचता आलं, जवळच्या गोरेगावच्या बाजारात कोणी हातोहात फसवलं नाही, म्हणजे झालं शिक्षण. फूल काय शिकवायचं? दिसलं की तोडायचं, देवाला वाहायचं, नाहीतर वेणीत खोवायचं. पण बाई पडल्या हट्टी. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती काढायला खुद्द ब्रह्मदेव आला असता, तरी त्याला पाटी देऊन ओसरीवर बसवलं असतं त्यांनी.

बाई मूळच्या गोंदियाजवळच्या, कुणब्याच्या घरच्या. बाराव्या वर्षी लग्न झालं आणि संसार म्हणजे काय हे कळायच्या आत तो आटोपलासुद्धा. नवरा गोंदियाच्या राईस मिलमध्ये कामाला होता. हैजाच्या साथीत सकाळी आजारी पडला आणि संध्याकाळी गेला. पदरी मूल नाही. सासरी काही वर्षं शेणगोठा करत काढली. मग थोरला भाऊ बकाराम तिथं जाऊन बहिणीला घेऊन आला आणि नातेवाइकांच्या शिव्या खात त्यानं तिला भंडाऱ्याला मास्तरणीच्या शिक्षणाला घातलं. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं होत आली तेव्हा जनपद सभेनं चिखलटोल्याच्या शाळेत मुलींसाठी बाई नेमली, ती ही. मोकळं कपाळ, फिक्या रंगाचं लुगडं, पायात चपला आणि काखेत काळी छत्री. गाव आठवडाभर नुसतं बघत राहिलं.

शाळा म्हणजे एक खोली आणि एक ओसरी. खोलीत केशोराव गुरुजी मुलांना पाढे घोकवायचे आणि ओसरीवर बाईंच्या पोरी बसायच्या. पोरी गोळा करायच्या म्हणजे घरोघर फिरून त्यांच्या आयांची मनधरणी करायची. कोणी धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची, कोणी बकरी दारात बांधून. भाताच्या रोवणीच्या दिवसांत तर ओसरी ओस पडायची. तरी बाई रोज वेळेवर येऊन बसायच्या, कारण न जाणो, एखादी आलीच तर.

आणि एक खरंच यायची. मनिरामची प्रेमिला. मनिराम गावातला मध्यम शेतकरी. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, खालच्या अंगाला त्याच्या धानाच्या बांध्या होत्या, बांध घातलेली भाताची शेतं. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, असा माणूस. त्याची बायको रुख्मा बोलायला तिखट, पण मनानं वाईट नव्हती. प्रेमिला त्यांची थोरली. उशिरा शाळेत घातली म्हणून चौथीत आली तेव्हा तेरा वर्षांची होती. अक्षर मोत्यासारखं वगैरे अजिबात नव्हतं, चांगलं गिचमिड होतं. पण पोरगी प्रश्न विचारायची. एकाचं उत्तर मिळालं की त्याच उत्तराच्या शेपटीला धरून दुसरा. गुरुजींना त्याचा वैताग यायचा आणि बाईंना आनंद व्हायचा. बाईंनी मनात पक्कं केलं होतं: ही चौथी पास झाली की हिला गोंदियाला पुढं शिकायला धाडायचं आणि मग भंडाऱ्याला. बाराव्या वर्षी आपलं जे झालं, ते निदान एका पोरीचं होऊ द्यायचं नाही. बाईंना आयुष्याकडून दुसरं काही नको होतं आणि हे मात्र फार हवं होतं.

तर फुलांचं असं झालं. पुस्तकात 'वनस्पतीचे जीवन' असा एक धडा होता आणि त्यात वाटाण्याच्या वेलाचं काळपट चित्र. छपाई अशी की फूल कोणतं आणि माशी कोणती ते कळू नये. बाईंनी ते पुस्तक बाजूला ठेवलं. फुटक्या मडक्यात माती भरून पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांचे दाणे पेरले. कोंब आला, पानं आली, वेल ओसरीच्या खांबावर चढला, जांभळं फूल आलं, शेंग धरली. शेंग वाळल्यावर बाईंनी ती फोडली आणि दाणा प्रेमिलाच्या तळहातावर ठेवला.

"हा कोणता दाणा?"

"आपण पेरला होता तोच, जी."

"तोच कसा? तो तं मातीत कुजला."

प्रेमिलानं दाणा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, "म्हणजे तो गेला बी आणि आला बी."

त्या दिवशी बाईंनी गेरू कालवला आणि ओसरीवर एक मोठं गोल आखून त्याची चार घरं केली: बी, रोप, फूल, फळ. पोरी बिल्लस खेळतात ना, तसं लंगडी घालत या घरातून त्या घरात जायचं आणि प्रत्येक घरात त्या घराची गोष्ट सांगायची. फळाच्या घरातून पुन्हा बियाच्या घरात. खेळ कसला, वेडच लागलं पोरींना. बाईंचा गेरू पावसानं पुसला की पोरी घरून गेरू आणून पुन्हा आखायच्या. प्रेमिलानं तर आपल्या अंगणातसुद्धा तेच गोल काढलं आणि आईबापाला बसवून शिकवलं. मनिराम गालातल्या गालात हसला आणि रुख्मा म्हणाली, "सारवलेलं आंगण खराब केलं पोट्टीनं."

आश्विन लागला. एका सकाळी प्रेमिलानं विचारलं, "बाई, सारे म्हणतात, धान फुलून राहिलं. पण मले तं कधी फूल दिसलं नाही. कुठी असते ते?"

बाकीच्या पोरी हसल्या. मग एकेक गप्प झाली, कारण फूल कोणीच पाहिलेलं नव्हतं. जन्मल्यापासून धानात वाढलेल्या पोरी, पण धानाचं फूल? ते फार लहान असतं आणि दुपारच्या आधी थोडा वेळ उघडतं. तेवढ्यात बघितलं तर बघितलं, नाहीतर ते मिटतं ते मिटतंच, आत दाणा धरायला लागतो. बाईंनी सांगितलं खरं, पण सांगता सांगता त्यांनी विषय आवरता घेतला. कारण हे दाखवायचं तर बांधीत जावं लागणार होतं.

आता हे कळायला इथली रीत ठाऊक हवी. पोळा झाला की धान पोटरीत येतं. इथं लोक म्हणतात, धान पोटुशी आहे. घरची सवाष्ण बांधीच्या कोपऱ्यात गोडधोड ठेवून येते, जसे पोरीचे डोहाळे पुरवतात तसे. आणि तेव्हापासून दाण्यात दूध भरेपर्यंत रांडमुंड बाई आणि विटाळशी बाई, दोघींनी धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओलांडायचा नाही. ओलांडला तर लोंबी पोचट जाते. धुरपताबाई भंडाऱ्याहून शिकून आल्या होत्या, पुस्तकं वाचून आल्या होत्या, हे सगळं थोतांड आहे हे त्यांना माहीत होतं. पण नवरा गेला त्या वर्षी सासूनं त्यांना भर बांधीतून दंडाला धरून फरफटत बाहेर काढलं होतं. तो हात अजून दंडावर होता. तेव्हापासून आश्विनात बाई गावाला वळसा घालून सडकेनं जायच्या, बांध्यांमधून कधी नाही. डोकं एक सांगायचं आणि पाय दुसरंच करायचे.

गुरुजींनी सल्ला दिलाच. "बाई, कायले त्या झंझटीत पडता? फळ्यावर चित्र काढा आणि मोकळ्या व्हा." बाईंना मनातून हेच ऐकायचं होतं. पण पोरी तयार उभ्या होत्या.

मनिरामची बांधी सडकेला लागून होती. ऊन चढलं होतं आणि धानावर पांढुरकी भुकटी उडत होती. बाई सडकेच्या कडेला थांबल्या आणि प्रेमिलाला म्हणाल्या, "जा, जपून जा आणि एक लोंबी घेऊन ये. झटकू नको."

"तुमी नाही येत, जी?"

"माझ्या पायात चपला आहेत," बाई म्हणाल्या.

चपला काढता येतात, हे तेरा वर्षांच्या पोरीलाही समजत होतं. तरी ती लुगड्याचा ओचा खोवून धुरा ओलांडून आत गेली. तिच्या कमरेइतकं धान होतं. ती आत थांबली, वाकली, एकीमागून एक लोंब्या बघत राहिली आणि मग एक तोडून दोन्ही हातांत धरून परत आली. सडकेवर पोरींनी डोकी एकत्र केली. टरफलाच्या फटीतून पांढरे तंतू लोंबत होते आणि त्यांच्या टोकाला पिवळी धूळ. "एवढंच?" कोणीतरी म्हणालं. "एवढ्यावर सारं गाव जेवते," बाई म्हणाल्या आणि त्यांना स्वतःलाच बरं वाटलं. धडा इतका चांगला कधी झाला नव्हता.

मग प्रेमिला वळली आणि बाईंना तिच्या लुगड्यावरचा डाग दिसला.

पोरीला काही पत्ता नव्हता. पहिलीच वेळ. बाईंनी चटकन छत्री उघडली आणि तिच्या पाठीशी धरली. "ऊन फार झालं," म्हणाल्या. बाकीच्या पोरींना पुढं घातलं आणि प्रेमिलाला छत्रीच्या आडोशानं हळूहळू घराकडे नेलं. सगळं निभावलंही असतं. पण पलीकडच्या धुऱ्यावर फुलवंताकाकी गवत कापत होती. मनिरामची शेजारीण ती. गावात तिच्या डोळ्यांतून काही सुटत नव्हतं आणि सुटलं तर तोंडातून भरून निघायचं. ती विळा हातात घेऊन उभीच राहिली आणि दोघी दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिली.

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं की मनिरामच्या पोरीला पदर आला आणि तोही भर फुललेल्या धानात. रुख्मानं लेकीला बाजूला बसवलं, रडली, मग लेकीलाच बोलली. बाई भेटायला गेल्या, तर दारातूनच म्हणाली, "तुमी लोंबी मांगली नसती तं पोरगी घरी बसली असती ना, बाई." खरंच होतं ते. आपण स्वतः गेलो असतो तर पोर सडकेवर उभी राहिली असती. विधवेचा पाय लागू नये म्हणून पोरीला पाठवली आणि तिला विटाळशी करून बसलो. बाई तशाच परत फिरल्या.

आणि नशीब बघा, त्या वर्षी मनिरामची ती बांधी भरलीच नाही. शेजारच्यांच्या लोंब्या दाण्यानं वाकल्या आणि मनिरामच्या ताठ उभ्या. हातात चोळल्या तर नुसतं फोल. झालं, गावाला आणखी काय पाहिजे? फुलवंताकाकीनं विहिरीवर, बाजाराच्या वाटेवर, ज्याच्या-त्याच्याजवळ हेच सांगितलं. बाईंचं नाव पहिल्यांदा निघालं, पण लवकरच मागं पडलं. बाई सरकारी, त्यांचं कोण काय करणार? राहिली पोरगी. "मनिरामच्या पोरीनं धान खाल्लं," एवढंच गावाच्या लक्षात राहिलं.

प्रेमिला पुन्हा शाळेत आली ती थोडेच दिवस. खाली मान घालून बसायची, विचारायची काही नाही. माघात तीही बंद झाली. चिचगडकडचं स्थळ आलं होतं.

बाई मनिरामच्या घरी गेल्या. मनिराम दोरी वळत बसला होता. रुख्मानं पाट दिला, पाणी दिलं.

"मनिरामभाऊ, चैत्रात परीक्षा आहे. तेवढी होऊ द्या. पास होते ती, मी लिहून देते."

"पास होऊन काय होते, जी?" रुख्मा म्हणाली. "धानाचे परे खारीत पिवळे पडेवरी कोणी ठेवते काय? टाईमावर रोवले तं जगते."

बाईंनी मनिरामकडे पाहिलं. त्यानं दोरी बाजूला ठेवली आणि अगदी शांतपणे, जराही टोमणा न मारता म्हणाला, "बाई, तुमीच शिकवलं. पोरीनं आंगणात काढून दाखवलं आमाले. बी, रोप, फूल आणि मंग फळ. फूल आलं. आता बापानं काय करावं, सांगा."

कोपऱ्यात प्रेमिला बसली होती. ती बाईंकडे बघत होती, ओसरीवर प्रश्न विचारून उत्तराची वाट बघायची तशीच. आपल्याच धड्यानं आपली जीभ बांधली गेल्यावर माणसानं काय करायचं? त्या उठल्या आणि निघाल्या.

बोडीपर्यंत आल्या आणि उत्तर सुचलं. बकारामच्या अंगणात आंब्याचं रोप होतं. दुसऱ्याच वर्षी त्याला मोहोर आला तेव्हा भावानं तो सगळा खुडून टाकला होता. कोवळ्या रोपाला फळ धरू दिलं तर रोप जातं, हे तर इथल्या पोराटोरांना ठाऊक. मनिरामलाही ठाऊक असणारच. बाई बोडीच्या पाळीवर उभ्या राहिल्या. परत जायला फार वेळ लागला नसता. पण आपणच पोरीला बांधीत धाडली आणि आता आपणच तिच्या बापाला अक्कल शिकवायची? कोणत्या तोंडानं? त्या परत गेल्या नाहीत. पुढं कित्येक दिवस त्यांना ह्याचीच चीड येत राहिली. धाडल्याची नाही इतकी, परत न गेल्याची.

वैशाखात लग्न झालं. बाई आहेर देऊन लवकर निघून आल्या. वरात चिचगडकडे जंगलाच्या वाटेनं गेली. चौथीच्या परीक्षेला त्या वर्षी बाईंच्या ओसरीवरून एकही पोरगी बसली नाही.

पुढच्या वर्षी बाईंनी धडा तोच शिकवला, कारण तो पुस्तकात होता. चार घरं आखली, पण स्वतः उभ्या राहून गोष्ट सांगितली नाही. पोरी आपापल्या उड्या मारत. धानाचं फूल कोणी विचारलं नाही आणि बाईंनी काढलं नाही. केशोराव गुरुजी म्हणाले, "आता कशा लायनीवर आल्या."

त्याच्याही पुढच्या आश्विनात प्रेमिला माहेरी आली. आली म्हणजे पाठवली. दिवस गेले होते, पाचव्या महिन्यात पोट पडलं. सासू म्हणाली, हिनं बापाचं धान खाल्लं, आता आमचा वंश खाल्ला. तब्येत सुधारू द्या, म्हणून बंडीत, बैलगाडीत, बसवून दिली, पण न्यायला कधी येऊ ते सांगितलं नाही. पोरगी पंधरा वर्षांची होती आणि चेहरा तिशीतल्या बाईचा झाला होता. घरी रुख्मा तिच्याशी नीट बोलेना आणि फुलवंताकाकी वाटेतून हटेना.

एक दिवस दुपारी प्रेमिला शाळेपाशी आली. बाहेर उभी होती. पोरी गोलात खेळत होत्या. त्यांनी तिला ओढलं. "ये ना, ताई. तूच तं शिकवलं आमाले." ती आली. लंगडी न घालता चालतच बियाच्या घरातून रोपाच्या घरात गेली, रोपाच्या घरातून फुलाच्या आणि तिथं थांबली.

"उड ना," पोरी म्हणाल्या.

प्रेमिला बाईंकडे बघून म्हणाली, "बाई, गळते त्याचं घर कोणतं?"

ओसरीवर कोणाला काही समजलं नाही. बाईंना समजलं. पोपटाच्या त्या वेलाला किती फुलं आली होती आणि शेंगा किती धरल्या होत्या, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. निम्मी फुलं ओसरीवर गळून पडायची आणि पोरी ती झाडून काढायच्या. पुस्तकात ती नव्हती आणि आपण आखलेल्या गोलातही ती नव्हती. इतके दिवस आपण पोरींना शिकवत होतो की फुलापुढं एकच वाट आहे. आणि मनिरामनं तेच ऐकलं. बापाला दोष द्यायचा तरी कोणत्या तोंडानं? बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पोरींसमोरच पुसले.

"माझ्याकडून घर आखायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "तू बस इथं. उठू नको."

छत्री तिथंच राहिली. बाई सडकेनं निघाल्या. मनिराम बांधीत असतो ह्या वेळी, हे त्यांना माहीत होतं. धान फुललं होतं, वर तीच पांढुरकी भुकटी. बाई सडकेच्या कडेला आल्या, दोन वर्षांपूर्वी जिथं उभ्या होत्या तिथंच. चपला काढल्या, जोडीनं बाजूला ठेवल्या आणि धुरा ओलांडला.

पलीकडून फुलवंताकाकीची हाक आली, "ओ बाई, कुठी जाऊन राहिल्या? धान फुललं हाय." बाईंनी मागं पाहिलं नाही. खोटं कशाला सांगा, सासूचा हात त्या वेळीही दंडावर होताच. पण त्या चालत राहिल्या. लोंब्या दोन्ही बाजूंनी लुगड्याला घासत होत्या.

मनिराम बांधीच्या मध्यावर पाणी काढून देत होता. बाईंना बघून त्याच्या हातातलं फावडं खाली आलं.

"बाई, तुमी..."

"हो, मीच. रांडमुंड बाई भर फुलोऱ्यात. गाव बघून राहिलं, बघू द्या. भाऊ, या वेळी लोंबी पोचट गेली तर नाव माझं घ्या. चारचौघांत घ्या, बाजारात घ्या, मी नाही म्हणणार नाही. पण पोरीचं घेऊ नका. त्या वेळी मीच यायला पाहिजे होतं. मी भ्याले आणि तिला धाडलं."

मनिरामनं फावडं चिखलात रोवलं. मग एक लोंबी हातात धरून, तिच्याकडेच बघत म्हणाला, "त्या वर्षी गंधी लागली होती, बाई. तो किडा दूध चोखून घेते. बांधीत पाय टाकला की घाण वास ये. मले तेव्हाच समजलं होतं."

बाईंना वाटलं, आपल्या कानांत काहीतरी बिघाड झाला.

"समजलं होतं? मग काऊन बोलला नाही?"

"कोणाले सांगू? घरी रुख्मा ऐके ना. सारं गाव पोरीचं नाव घेऊन राहिलं होतं. म्हटलं, लगन करून देऊ, दूर जाईल, लोकं भुलून जातील." त्यानं लोंबी सोडून दिली. "थे बोलणं तिच्या मांगं चिचगडले गेलं."

बाईंना त्याचा संताप आला, इतका की हात उचलावासा वाटला. आणि त्याच वेळी त्याची कीवही आली. भिणारे आपण एकटेच नव्हतो तर. दोन मोठी माणसं, एक शिकलेली आणि एक धान जाणणारा, दोघांनाही खरं ठाऊक होतं आणि दोघांनी मिळून ते एका पोरीच्या डोक्यावर ठेवलं होतं.

"आंब्याच्या रोपाला लहानपणी मोहोर आला तर काय करता, भाऊ?"

"खुडतो, जी," मनिराम म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. बाई त्याचं होईपर्यंत थांबल्या.

"उद्यापासून ती ओसरीवर बसेल," त्या म्हणाल्या. "सासरचे येतील तेव्हा तुम्ही बोला. बोलाल ना?"

मनिरामनं मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नुसतीच, हे बाईंना तेव्हा कळलं नाही.

त्या वर्षी धान चांगलं पिकलं. लोंब्या जमिनीला टेकल्या. बाईंच्या पायगुणानं पिकलं असं अर्थातच कोणी म्हणालं नाही. नुकसान झालं असतं तर मात्र साऱ्या गोरेगावला कळलं असतं. प्रेमिला ओसरीवर लहान पोरींच्या मागं बसायची. बाईंनी गोलाबाहेर, फुलाच्या घराला लागून एक पाचवं घर आखलं होतं. त्यात नाव लिहिलं नव्हतं. पोरी विचारायच्या, हे कशाचं, तर बाई म्हणायच्या, "इथं थांबता येते. मग पुन्हा रोपाच्या घरात यायचं. पुढच्या साली झाड पुन्हा फुलते." केशोराव गुरुजी म्हणाले, "पुस्तकात असं नाही." बाई म्हणाल्या, "नाही ना."

माघात चिचगडहून दीर आणि सासरा बंडी घेऊन आले. त्या दिवशी प्रेमिला ओसरीवर आली नव्हती. बाईंना निरोप मिळाला तेव्हा त्या शाळा तशीच टाकून धावल्या. अंगणात पोचल्या तर मनिराम दारात उभा होता, चौकटीला दोन्ही बाजूंना हात टेकून. एरवी चारचौघांत ज्याचा आवाज निघत नसे, तो माणूस.

"पोरीनं काही खाल्लं नाही," तो व्याह्याला सांगत होता. "गंधी लागली होती. मी पाहिली होती. आणि चैत्रात तिची परीक्षा हाय. थे झाल्याबिगर मी पाठवत नाही."

कुंपणापलीकडे फुलवंताकाकी उभी होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि तेच पुन्हा एकदा सांगितलं, जरा मोठ्यानं. त्याच्या पाठीमागं, घरात, प्रेमिला पाटी घेऊन बसली होती आणि तिचं गणित अर्धंच राहिलं होतं.